सहा तास वीस मिनिटं

धुळ्याच्या देवपुरातल्या त्या जुन्या चर्चची घंटा वाजायला लागली की गल्लीतली माणसं हातातलं काम थांबवून मोजायला लागायची. रविवारची घंटा वेगळी. ती घाईची असते, पोरांना शाळेत पिटाळावं तशी. माणूस गेल्याची घंटा मात्र सुटी सुटी वाजते. एक ठोका पडतो, त्याचा आवाज पार विरतो, मगच दुसरा. माणसाचं जितकं वय तितके ठोके. गल्लीत ख्रिस्ती घरं असून असून तीस-पस्तीस, पण मोजायचे सगळेच. घंटा चाळिसाच्या आत थांबली तर बायका चुकचुकायच्या, ऐंशीच्या पुढे गेली तर 'सोनं झालं' म्हणून पुन्हा कामाला लागायच्या.

हे ठोके गेली एकतीस वर्षं वना पावरा देत होता. पदाचं नाव शिपाई, पण चर्चच्या शिपायाला काय काय करावं लागतं ते विचारू नका. बाकं पुसायची, कबुतरं हुसकायची, लग्नात खुर्च्या मांडायच्या, कुणी गेलं तर दफनभूमीत खड्डा खणायचा आणि तसंच मातीच्या हातांनी येऊन घंटेचा दोर धरायचा. त्याचा बाप खाज्या शिरपूरच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी कोरडवाहू तुकडा कसायचा. तिथेच खाज्यानं प्रभूचा मार्ग धरला आणि पोराला वाचायला शिकवलं. वना पंचविशीत बायकोला घेऊन धुळ्याला मजुरीला आला, चर्चच्या भिंतीला गिलावा करायला म्हणून त्या कंपाउंडात शिरला, तो परत बाहेर पडलाच नाही.

मोजणीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. दुःखात घरचे लोक वय काहीही सांगतात, म्हणून तो आधी मंडळीच्या रजिस्टरात जन्मतारीख पाही आणि मगच दोराला हात लावी. एकदा एका मास्तरीणबाईंच्या घरून एकसष्ट सांगितलं, रजिस्टरात निघाले अडुसष्ट. वनानं अडुसष्ट ठोके दिले. बाईंनी उभ्या जन्मात जे कुणाला कळू दिलं नव्हतं, ते मेल्यावर अख्ख्या गल्लीला कळलं. घरच्यांनी वर्षभर त्याच्याशी अबोला धरला. देवाघरी खोटं वय सांगून कसं जायचं, असं वनाचं म्हणणं.

चर्चच्या समोर उत्तमचंदशेठचं किराणा दुकान. शेठ जैन, चर्चची पायरी चढायचं त्यांना काही कारण नाही, पण ठोके मोजण्यात पक्के. घंटा थांबून वना घाम पुसत बाहेर आला की शेठ जागेवरूनच विचारत, "बहात्तर ना, वनाभाऊ?" वना म्हणे, "बहात्तर." संपला विषय. इतक्या वर्षांत दोघांचा आकडा एकदाही वेगळा आला नाही, आणि दोघांनाही मनातून याचा थोडा ताठा होता.

रडलं की मोजणी चुकते, हे वनाला पहिल्या दोन-चार घंटांतच कळलं होतं. म्हणून दोर धरला की तो गेलेल्या माणसाचा विचारच करत नसे. चेहरा आठवू द्यायचा नाही, आवाज आठवू द्यायचा नाही, फक्त आकडा धरून ठेवायचा. पाच वर्षांपूर्वी त्याची बायको दिवालीबाई गेली, तेव्हा लोक म्हणाले, आज दुसऱ्या कुणाला वाजवू दे. वनानं ऐकलं नाही. सत्तेचाळीस ठोके त्यानं स्वतः दिले, डोळ्यांत टिपूस नाही. दफन झालं, माणसं पांगली, आणि मग तो आता रडू येईल म्हणून घरात बसून राहिला. आलं नाही. दुसऱ्या दिवशी आलं नाही, महिन्यानंही आलं नाही. पुढे त्यानं वाट पाहणं सोडून दिलं.

तेव्हापासून त्याला काही वाटेनासं झालं होतं. जेवण जायचं, झोप लागायची, काम चोख व्हायचं. कुणी गोड बातमी सांगितली तर तो 'बरं झालं' म्हणायचा, वाईट सांगितली तर 'वाईट झालं' म्हणायचा, आणि दोन्ही वेळा त्याला तेवढंच वाटायचं. नवे पाळकसाहेब तरुण, नगरकडचे, बोलायचे मोठे छान. एका रविवारी ते आत्म्याच्या मोलावर बोलले. म्हणाले, देवाच्या तराजूत एका पारड्यात सगळं जग टाका आणि दुसऱ्यात एकच माणूस ठेवा, कुणीही, नाव-गाव नसलेला, तरी माणसाचंच पारडं खाली जाईल. पृथ्वीवर तो एकटाच असता तरी त्याच्यासाठी ख्रिस्त क्रुसावर गेला असता. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. वना शेवटच्या बाकावर बसून, घंटेच्या कडीला तेल द्यायचं राहिलंय, एवढाच विचार करत होता. प्रवचन त्याला पटलं नाही असं नाही, पण आत कुठे लागलं नाही. त्याच्या लेखी माणूस म्हणजे पन्नास ठोके, नाहीतर ऐंशी.

त्याची एकुलती एक लेक सुनिता अमळनेरला दिलेली. जावई ईश्वर विहिरीवरच्या मोटारींचं वायंडिंग करायचा, माणूस सरळ. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी मूल नव्हतं. जळगावात मेहरूणला नणंदेच्या घरी राहून सुनितानं किती डॉक्टर केले ते तिलाच माहीत. लोकांचं एकच विचारणं, 'काही आहे का?' ती हसून मान हलवायची. शेवटी दिवस गेले, आणि सातव्याच महिन्यात त्रास सुरू झाला म्हणून तिला धुळ्याला नदीपलीकडच्या एका मोठ्या दवाखान्यात आणलं.

मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी तिला मुलगी झाली. दुपारी साडेबाराला ती गेली. मधला सगळा वेळ ती काचेच्या पेटीत होती. वनानं तिला दोनदा पाहिलं. पायाला चिकटपट्टी, तिच्यावर लिहिलेलं 'बेबी ऑफ सुनिता'. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा ती डाव्या हाताची बोटं उघडत-मिटत होती. साडेबाराला सिस्टर बाहेर आली आणि तिनं नुसती मान हलवली. वनाच्या डोक्यात पहिल्यांदा आला तो हिशेब, सहा तास वीस मिनिटं. नातीच्या मरणावर आपल्याला आधी आकडा सुचावा याची त्याला लाजसुद्धा वाटली नाही.

सुनिता भिंतीकडे तोंड करून पडली होती. रडत नव्हती, बापाचीच लेक. वना कॉटशेजारी उभा राहिला तेव्हा ती न वळता म्हणाली,

"आबा, तिन्हासाठे घंटा वाजाडशी ना?"

"वाजाडसू," वना म्हणाला.

"मी आठे पडेल शे. माले कशी आयकू यी?"

"मी फोन लाई दिसू," ईश्वर कोपऱ्यातून म्हणाला. त्याच्या हातात दोन कागद होते, एक जन्माचा आणि एक मरणाचा. दोन्ही एकाच दिवशी, एकाच पेनानं भरलेले.

सुनिताला काय हवं होतं ते वनाला नीट कळलं. उद्या ती अमळनेरला परत जाईल आणि चार महिन्यांनी लोक पुन्हा विचारतील, 'काही आहे का?' ही पोर जणू झालीच नव्हती. तिला नाव नाही, फोटो नाही, तिच्या अंगावर घरचा कपडाही चढला नव्हता. पण घंटा वाजली असती तर गल्ली थांबली असती, माणसांनी मोजलं असतं, एक माणूस जगात येऊन गेलं एवढं तरी लोकांना कळलं असतं. नऊ वर्षांच्या बदल्यात तिनं बापाजवळ मागितलं ते एवढंच.

रिक्षानं पांझरेचा पूल ओलांडला. वनाच्या मांडीवर दवाखान्यानं दिलेलं हिरव्या कापडातलं गाठोडं होतं. तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं, की वाजवीन म्हणालो खरं, पण किती? आणि मुळात वाजवायची तरी कशी? वर्षाच्या आतल्या लेकराला घंटा नाही, हा चर्चचा नियम होता. आणि तो नियम दुसऱ्या कुणी केलेला नव्हता.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मंडळीतल्या प्रमिलाबाई अंगणवाडी चालवायच्या, त्यांचं पहिलंच मूल गेलं, एकोणीस दिवसांचा मुलगा. बाई ओली बाळंतीण, भिंतीला धरून चालत स्वतः वनाकडे आल्या आणि म्हणाल्या, भाऊ, घंटा वाजवा. वनाला काय करावं कळेना. रजिस्टरात नाव नाही, वयाचा आकडा नाही. तो म्हणाला, "बाई, एक वरीस म्हणजे एक ठोका. वरीसच नही भरनं ते मी काय वाजाडू?" तो चिडून बोलला नव्हता. त्याला ते सरळ गणित वाटलं होतं. बाई जशा आल्या तशा भिंतीला धरून परत गेल्या. मग आणखी एका घरी तसंच झालं, तेव्हा पंचमंडळींनी सांगितलं, चर्चचा रिवाजच आहे. रिवाज पडायला आपल्याकडे कितीसा वेळ लागतो?

वना घरी पोचला तर दारात प्रमिलाबाईच उभ्या. लेकराला न्हाऊ घालायला मंडळीतून कुणी बाईमाणूस येतं, त्या आल्या होत्या. त्यांनी स्टोव्हवर पाणी कोमट केलं, कोपर बुडवून पाहिलं, जिवंत लेकरासाठी पाहतात तसं. हिरवं कापड सोडलं, पायाची चिकटपट्टी हळूहळू ओली करून काढली. न्हाऊ घालून पांढऱ्या धोतराच्या फडक्यात पोरीला गुंडाळलं आणि मग हात पुसता पुसता म्हणाल्या,

"माझा एकोणीस दिवसांचा होता, वनाभाऊ."

आवाजात राग नव्हता, म्हणून वनाला उत्तर देता आलं नाही. राग असता तर माफी मागता आली असती. "बाई," एवढंच तो म्हणाला. बारा वर्षं ही बाई दर रविवारी त्याच्या पुढून चर्चमध्ये जात होती, नमस्कार करत होती, आणि त्याला त्यात कधी काही दिसलं नव्हतं.

चारच्या सुमारास पाळकसाहेब आले, त्यांच्याबरोबर पंचांपैकी रुपचंदनाना. नाना वयानं मोठे, नियमाला कडक, आणि तसे वाईट नव्हेत. वनाच्या खांद्यावर हात ठेवून ते शेजारी बसले. मग घंटेचा विषय निघाला.

"नियम आहे, वना," नाना म्हणाले. "आज तुझ्यासाठी मोडला तर ज्यांच्या लेकरांना घंटा मिळाली नाही त्यांनी काय समजायचं? आणि पोरीचा बाप्तिस्माही झालेला नव्हता."

"ती देवाची आहे, यात मला काडीची शंका नाही," पाळकसाहेब म्हणाले. "पण घंटेचा हा नियम लिहिलाय कुठे?"

"लिहिलेला नाही. वनानंच घालून दिलाय."

पाळकसाहेबांनी वनाकडे पाहिलं. ते बिचारे तरुण होते, असला प्रश्न त्यांना कुठल्या वर्गात कुणी शिकवला नव्हता. "मग भाऊ, एक ठोका द्या. निदान एक."

"एक म्हणजे एक वर्ष," नाना म्हणाले. "वर्षाची होती का ती? खोटं वय घेऊन देवाघरी जायचं नाही, हे यानंच आम्हाला शिकवलं."

खरंच यानंच शिकवलं होतं. वनाला आपलीच वाक्यं दुसऱ्याच्या तोंडून ऐकू येत होती आणि एकाही वाक्यात चूक सापडत नव्हती. गणित बरोबर होतं, तेच बारा वर्षांपूर्वीचं. त्याला प्रवचनातलं ते पारडं आठवलं. एका बाजूला सगळं जग, दुसरीकडे ही पोर, तिचं वजन दवाखान्याच्या कागदावर नऊशे ग्रॅम. तिच्या बाजूला एक ठोकासुद्धा बसत नाही म्हणतात, आणि म्हणणारा मीच. तो उठला, फावडं घेतलं आणि दफनभूमीत गेला. मोठ्या माणसाचा खड्डा खणायला त्याला तीन तास लागतात. हा अर्ध्या तासात झाला.

साडेपाचला सगळे चर्चमध्ये जमले. जमून किती, नऊ-दहा माणसं. पोरीला समोरच्या बाकावर ठेवलं होतं, प्रमिलाबाई शेजारी बसल्या होत्या. वनाच्या खिशातला मोबाइल वाजला. ईश्वर होता. वनानं फोन घंटेखालच्या कोनाड्यात ठेवला, चालूच, आवाज मोठा करून. पलीकडून वॉर्डातली भांडी वाजल्याचा आवाज येत होता, सुनिताचा नाही. रुपचंदनाना दारात येऊन उभे राहिले.

वनानं दोर ओढला.

पहिला ठोका पडला आणि सवयीनं त्याच्या मनानं म्हटलं, एक. हे खोटं होतं. आवाज विरू दिला, दुसरा दिला. दोन. हेही खोटं. पाचव्या-सहाव्या ठोक्यापर्यंत तो असाच मोजत राहिला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं की थांबायचं कुठे हेच आपल्याला माहीत नाही. एरवी पहिल्या ठोक्याच्या आधी शेवटचा ठोका ठरलेला असतो. एकतीस वर्षं तो त्या शेवटच्या आकड्याच्या आधारानं उभा राहिला होता. आज पुढे काहीच नव्हतं. त्यानं पुन्हा दोर ओढला, कारण न ओढता काय करायचं तेही कळत नव्हतं.

पंधरा झाले असतील, वीस झाले असतील. आकडा त्याच्या हातून कधी सुटला ते त्याला सांगता आलं नसतं. आणि आकडा सुटला तसं आत अडवून धरलेलं सगळं एकदम सुटलं. पोरीची उघडणारी-मिटणारी बोटं दिसली. कोमट पाण्यातलं प्रमिलाबाईंचं कोपर दिसलं. दिवालीबाई दिसली, पाच वर्षांनी पहिल्यांदा नीट, तिच्या चेहऱ्यासकट. त्याचे डोळे गळायला लागले, नाक गळायला लागलं, आणि पुसायला हात मोकळा नव्हता. तो दोर ओढत राहिला. यातला कुठला ठोका कुणाचा होता ते त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. प्रमिलाबाई बाकावरून उठून त्याच्यामागे येऊन उभ्या राहिल्या, त्याही रडत होत्या. पाळकसाहेब एकदा पुढे झाले, तर रुपचंदनानांनीच त्यांचा हात धरून त्यांना मागे घेतलं.

बाहेर गल्ली मोजत होती. चाळीस झाले तेव्हा कुणी चुकचुकलं नाही, ऐंशी झाले तेव्हा सोनं झालं म्हणायचं, तर घंटा थांबेना. शंभर झाले तशी माणसं दारात आली. एवढ्या वयाचं आपल्यात होतं कोण, असं एकमेकांना विचारू लागली. कुणी म्हणालं, वनाचं डोकं फिरलं. मग हळूहळू बोलणं थांबलं आणि सगळे नुसते ऐकत उभे राहिले.

वनाच्या हातांना दोराचे वळ आले होते. कोनाड्यातल्या फोनमधून आधी कुणीतरी हुंदका दिल्यासारखं ऐकू आलं, मग मोठ्यानं रडणं, मोकळं, आईचं. वना थबकला.

"आबा," सुनिता म्हणाली. "बस कर आते. आयकं मी."

त्यानं दोर सोडला. शेवटचा ठोका विरेपर्यंत तो तसाच उभा होता. मग बाहीनं तोंड पुसून तो पायरीवर आला, तर उत्तमचंदशेठ दुकान उघडं टाकून, अनवाणी, चर्चच्या आवारात येऊन उभे होते.

"कोण गेलं, वनाभाऊ?"

"मन्ही नात. सकायले जन्मी, दुपारले गयी."

शेठनी चर्चच्या दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "एकशे तीसपर्यंत मी बरोबर होतो. पुढे माझा आकडा चुकला. किती झाले?"

"मी मोजातच नहीत, शेठ," वना म्हणाला, आणि पोरीला उचलायला आत गेला.